क्लिक भरपूर, पॉलिसी मोजक्या

प्रश्न : मी आरोग्य विमा आणि मुदतीचा जीवन विमा यांचा सल्लागार असून गेले ३ महिने गूगलच्या शोधपानावर जाहिरात करत आहे. या काळात सुमारे २,००० क्लिक झाले आणि ८० जणांनी फॉर्म भरला, पण पॉलिसी मात्र चौघांनीच घेतली. आता जाहिरातीचा मजकूर बदलावा, की खर्च वाढवावा?

उत्तर : खर्च इतक्यात वाढवू नका. आपण दिलेले आकडे नीट पाहिले, तर शंभरातले ४ जण फॉर्म भरतात, म्हणजे जाहिरात वाचून लोक पाठ फिरवत आहेत असे नाही. खरी गळती फॉर्मनंतर आहे. उरलेल्या ७६ जणांचे काय झाले, हे आधी एकेका नावासमोर लिहून काढा. किती जणांना फोन केला, किती जणांनी उचलला, हप्ता ऐकून किती जण थांबले, कंपनीने किती प्रस्ताव नाकारले आणि मुळात विमा घ्यायचाच नव्हता असे किती जण होते, एवढी वर्गवारी केली तरी अर्धे उत्तर हाती येईल.

विमा घ्यायचाच नव्हता असे लोक बरेच निघाले, तर गूगलच्या जाहिरात खात्यातला शोधशब्दांचा अहवाल, म्हणजे लोकांनी प्रत्यक्ष काय शोधले याची यादी, उघडा. ‘आरोग्य विमा’ हा कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची तो) व्यापक जुळणीवर, म्हणजे त्याच्याशी संबंधित शोधांवरही जाहिरात दिसेल असा, ठेवला असेल, तर ‘आरोग्य विमा दावा कसा करावा’, ‘विमा कंपनीत नोकरी’, ‘पॉलिसी रद्द करण्याचा अर्ज’ असे शोधणाऱ्यांनाही आपली जाहिरात दिसू शकते, आणि त्यांनी क्लिक केले की त्याचे पैसे आपल्यालाच मोजावे लागतात. विम्याचे कीवर्ड मुळातच महागड्या गटात मोडतात, त्यामुळे ही गळती चांगलीच जाणवते. ‘दावा’, ‘नोकरी’, ‘रद्द’, ‘लॉगिन’, ‘तक्रार’ हे शब्द नकारात्मक कीवर्डच्या, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही अशा शब्दांच्या, यादीत घाला आणि निदान पहिले काही महिने ही यादी दर आठवड्याला तपासत राहा.

हप्ता ऐकून थांबणारे जास्त असतील, तर दोष बहुधा जाहिरातीतल्या ‘पासून सुरू’ या दोन शब्दांचा आहे. तो सर्वांत कमी हप्ता तरुण, धूम्रपान न करणाऱ्या आणि कमी रकमेचे संरक्षण घेणाऱ्या व्यक्तीसाठी असतो. पंचेचाळिशीतल्या माणसाला फोनवर त्याच्या कितीतरी पट आकडा ऐकू आला की आपली फसवणूक झाली असेच त्याला वाटते, आणि त्याला तसे वाटण्यात काहीही गैर नाही. गूगलच्या शोध जाहिरातीत एका शीर्षकाला ३० आणि वर्णनाला ९० अक्षरांची मर्यादा असते. ‘वय, धूम्रपान आणि पूर्वीचे आजार यांनुसार हप्ता ठरतो’ हे वाक्य वर्णनात सहज बसते. आरोग्य विम्यात पूर्वीच्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी, म्हणजे त्या आजारांचा खर्च मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, असेल, तर तोही निदान पुढच्या पानावर, फॉर्मच्या वर आणि ठळक अक्षरांत सांगा. यामुळे क्लिक कमी होतील आणि ते कमी व्हायलाच हवेत. विम्याचा करार परम विश्वासावर उभा असतो. इंग्लंडमधील न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी १७६६ साली कार्टर विरुद्ध बोहेम या खटल्यात हे तत्त्व मांडताना, ते विमा घेणारा आणि देणारा अशा दोघांनाही बंधनकारक असल्याचे म्हटले होते. ग्राहकाने आपला मधुमेह लपवू नये अशी अपेक्षा करायची आणि आपण मात्र अटी लपवायच्या, हे मला पटत नाही.

फॉर्म एकदा स्वतःच्या मोबाइलवर भरून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यात आजची तारीख उघडत असेल, तर १९८० साली जन्मलेल्या माणसाला महिन्यामागून महिने मागे सरकवत बसावे लागते. तिथे दिवस, महिना आणि वर्ष थेट टाइप करता यायला हवे. फोन नंबरच्या जागी अंकांचा कीबोर्ड उघडला पाहिजे. पहिल्या टप्प्यावर वय, संरक्षणाची रक्कम आणि संपर्क एवढेच विचारा. फोन मात्र लवकरात लवकर करा, कारण त्या व्यक्तीने त्याच वेळी इतरही ठिकाणी चौकशी केलेली असू शकते.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे. आपोआप बोली लावणारी, म्हणजे जाहिरात दाखवण्यासाठी किती रक्कम लावायची हे स्वतः ठरवणारी, गूगलची यंत्रणा आपण ज्याला यश म्हणतो तेच शोधून आणते. फॉर्म भरणे हेच यश असे तिला सांगितले, तर ती फॉर्म भरणारी माणसे आणून देते, मग त्यांना पॉलिसी हवी असो वा नसो. प्रत्येक क्लिकसोबत एक ओळखक्रमांक येतो. तो चौकशीच्या नोंदीबरोबर जपून ठेवा आणि पुढे कोणत्या चौकशीचे पॉलिसीत रूपांतर झाले, याची माहिती त्या क्रमांकासह खात्यात परत भरा. पॉलिसी चारच असताना यंत्रणेला त्यावरून फारसे शिकता येणार नाही, म्हणून सध्या ‘फोनवर पूर्ण बोलणे होऊन प्रस्ताव पाठवला’ हा मधला टप्पा यश म्हणून धरावा. दोन मजकुरांची तुलना करतानाही हेच भान ठेवा : एकाने ३ आणि दुसऱ्याने ५ पॉलिसी दिल्या, तर त्यावरून कोणताच मजकूर सरस ठरत नाही. शिवाय दुसऱ्या वर्षी हप्ता भरला गेला का, हेही त्याच नोंदीत लिहीत चला. भीती दाखवून किंवा घाई करून मिळवलेल्या पॉलिसी किती टिकल्या, हे तिथेच कळेल.

प्रश्न : ज्यांनी पान पाहिले पण फॉर्म भरला नाही, त्यांना पुन्हा जाहिरात दाखवणे योग्य आहे का?

उत्तर : मुदतीच्या जीवन विम्यासाठी, पाहणाऱ्याने संमती दिली असेल तर, मर्यादित वेळा दाखवावी, कारण विमा घेण्याचा निर्णय एका बैठकीत होत नाही. मात्र एखाद्या आजाराविषयीचे पान पाहिले म्हणून त्या व्यक्तीच्या मागे जाहिरात लावू नका. वैयक्तिक आजारांच्या आधारे असे लक्ष्य ठरवण्यास गूगलच्या नियमांत मनाई आहे, आणि नसती तरी आपला आजार कोणाला तरी कळला आहे, ही जाणीव माणसाला दूरच लोटते. दुसऱ्यांदा दाखवायच्या जाहिरातीत तोच मजकूर ठेवू नये. पहिल्या वेळी मनात राहिलेल्या शंकेला तिने उत्तर द्यावे, उदाहरणार्थ, वैद्यकीय तपासणी कोणाला करावी लागते किंवा दाव्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात. पॉलिसी घेतलेल्यांची नावे त्यांच्या संमतीने दर आठवड्याला वगळणीच्या यादीत घाला, म्हणजे कालच हप्ता भरलेल्या ग्राहकाला आज पुन्हा ‘विमा घ्या’ असे दिसणार नाही.