वाचक विचारतात: अमेरिकेतली दारूबंदी आणि बायकांचं मत

प्रश्न: मुलीच्या इतिहासाच्या पुस्तकात अमेरिकेतली दारूबंदी आणि स्त्रियांचा मताधिकार, दोन्हींपुढे १९२० हेच साल आहे. आमचे हे म्हणतात, बायकांना मत मिळालं म्हणून दारू बंद झाली. खरं का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: तुमच्या यजमानांना तारखा दाखवा. दारूबंदीची १८वी घटनादुरुस्ती मंजूर झाली जानेवारी १९१९मध्ये आणि अमलात आली पुढच्या जानेवारीत. स्त्रियांना देशभर मत देणारी १९वी दुरुस्ती त्यानंतर, ऑगस्ट १९२०मध्ये मंजूर झाली. म्हणजे दारूबंदीला मंजुरी देणारे आमदार-खासदार जवळपास सगळे पुरुषच. वायोमिंगमध्ये बायकांना १८६९पासून मत होतं, पुढे आणखी काही राज्यांत मिळालं, तेव्हा त्यांचा हातच नव्हता असं नाही. पण ‘म्हणून’ हा शब्द काही टिकत नाही.

तरी त्यांना वास बरोबर आलाय. न्यूयॉर्क राज्यात १८६०पर्यंत लग्न झालेल्या बाईनं कष्ट करून मिळवलेल्या मजुरीवरही कायद्यानं हक्क नवऱ्याचा होता. नवरा पिणारा निघाला तर स्वतःचा पगार उडवायचा आणि बायकोचाही. तिनं दाद कुठे मागायची? म्हणून दारूविरुद्ध बोलणं हे तेव्हा चूल पेटती ठेवण्याचं काम होतं. ‘सोज्वळ बायकांचं सोवळेपण’ म्हणून त्याची टिंगल करणाऱ्यांचा मला राग येतो.

पण बोलू कोण देणार? १८५२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत दारूविरोधी सभेत, पुढे मताधिकाराच्या चळवळीच्या पुढारी झालेल्या सुझन अँथनी बोलायला उठल्या, तर त्यांना सांगण्यात आलं की भगिनींना इथे ऐकायला बोलावलंय, बोलायला नव्हे. त्या उठून बाहेर पडल्या आणि त्याच वर्षी एलिझाबेथ केडी स्टँटन यांना अध्यक्ष करून बायकांची वेगळी संस्था काढली. स्टँटनबाईंची कथाही तशीच. १८४०मध्ये लंडनच्या गुलामगिरीविरोधी परिषदेत आलेल्या स्त्री प्रतिनिधींना सभासद म्हणून बसू दिलं नाही. तिथे त्यांची अशाच एका प्रतिनिधीशी, लुक्रेशिया मॉट यांच्याशी, गाठ पडली आणि १८४८मध्ये सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांसाठी परिषद भरली. दुसऱ्यांसाठी भांडायला गेलेल्या या बायकांना तिथेच कळलं, आपल्यालाही तोंड नाही.

पुढे १८७४मध्ये ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ही बायकांची दारूविरोधी संघटना निघाली. तिच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड फार धोरणी बाई. चर्चला जाणाऱ्या, ‘राजकारण नको गं बाई’ म्हणणाऱ्या गृहिणींना त्यांनी मताची मागणी ‘घराच्या रक्षणासाठी’ म्हणून पटवली. (याच विलर्डबाई दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांबद्दल जे बोलल्या, त्यावरून कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांनी त्यांना जाहीरपणे धारेवर धरलं, आणि ते रास्तच होतं.) आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा त्या विलर्डबाईंना भेटल्या. १८८९मध्ये त्यांनी मराठीत जे अमेरिकेचं प्रवासवृत्त लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या संस्थांबद्दल भरभरून आहे. मुलीला ते वाचायला द्या, पाठ्यपुस्तकापेक्षा रंगतदार आहे.

मताधिकार आणि दारूबंदीच्या या सोबतीची किंमतही मोजावी लागली. बायकांना मत मिळालं तर धंदा बसेल, हे दारूवाल्यांनी पक्कं ओळखलं होतं. १८९६मध्ये कॅलिफोर्नियात मताधिकारावर कौल होता. विलर्डबाईंच्या संघटनेचं त्या वर्षीचं अधिवेशन कॅलिफोर्नियात भरवू नका, अशी गळ अँथनींनी घातली आणि विलर्डबाईंनी ते दुसरीकडे हलवलं. तरीही सॅन फ्रान्सिस्कोचे दारूविक्रेते उघड विरोधात उतरले आणि कौल हरला. कॅलिफोर्नियातल्या बायकांना मत मिळालं ते १९११मध्ये.

आणि हो, १९३३मध्ये दारूबंदी उठली, तेव्हा ती उठवा म्हणून संघटना बांधणाऱ्यांत पॉलीन सेबिन नावाची बाईच पुढे होती. हेही यजमानांच्या कानावर घाला.

प्रश्न: याच अँथनींना मत दिलं म्हणून तुरुंगात टाकलं होतं ना? (कॉलेजचा विद्यार्थी, पणजी)

उत्तर: अटक झाली, तुरुंग नाही. नोव्हेंबर १८७२मध्ये त्यांनी रॉचेस्टरला मत टाकलं. पुढच्या जूनमध्ये कॅनंडेग्वाला खटला चालला. न्यायाधीश वॉर्ड हंट यांनी ज्यूरीला विचारच करू दिला नाही, ‘दोषी’ म्हणा असं फर्मावलं. दंड १०० डॉलर. अँथनी म्हणाल्या, एक डॉलरही देणार नाही. दंड भरेपर्यंत कोठडी, असा हुकूम हंट यांनी मुद्दामच दिला नाही, नाहीतर त्या आधारे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या असत्या. दंड त्यांनी कधीच भरला नाही. २०२० साली अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना मरणोत्तर माफी जाहीर केली, तर रॉचेस्टरच्या त्यांच्या स्मारक-संग्रहालयानं ती नाकारली. माफी घेणं म्हणजे तो खटला योग्य होता असं मानणं, हे त्यांचं म्हणणं. मला पटलं.