थायलंडचा फुटबॉल गोलरक्षक कविन युरोपात जाऊन बाकावरच बसला. मग थाई गोलरक्षकाच्या कारकिर्दीला अर्थ तो काय?

प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे थाई व्यावसायिक गोलरक्षकाची कारकीर्द साधारण कशी असते, हा खरा विचारण्याजोगा आहे. पहिल्या भागातील 'बाकावरच बसला' हे शब्द मात्र मला झोंबले, आणि त्याचे कारण पुढे येईलच.

मी 2013 ते 2019 या काळात नोकरीनिमित्त बँकॉकजवळच्या समुत प्राकान येथे राहत होतो. कविन थम्मसच्चानन हे नाव आपल्या कानाला परके वाटते, पण थाई लिपीतील अक्षरे सुटी करून पाहिली तर ते कवीन्द्र, धर्म, सत्य आणि आनंद अशा आपल्याच शब्दांचे निघते. गोलरक्षकाला तिकडे 'फू रक्सा प्रतू' म्हणतात. प्रतू म्हणजे दार आणि रक्सा म्हणजे आपली रक्षा.

15 नोव्हेंबर 2016 रोजी विश्वचषक पात्रता फेरीचा थायलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया हा सामना मी राजमंगला स्टेडियममध्ये बसून पाहिला. राजे भूमिबोल यांचे निधन होऊन जेमतेम महिना झाला होता. प्रेक्षकांनी काळे किंवा पांढरे कपडे घालावेत, घोषणा आणि ढोल टाळावेत, असे सांगण्यात आले होते. माझ्या शेजारी बसलेला कारखान्यातील सहकारी एरवी सामन्याला घसा बसेपर्यंत ओरडणारा. त्या दिवशी तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. त्या फेरीतील आधीचे चारही सामने थायलंड हरला होता आणि समोर 2015 चा आशियाई विजेता संघ होता. नवव्या मिनिटालाच ऑस्ट्रेलियाला पेनल्टी मिळाली आणि माईल जेडिनॅकने ती कविनच्या जाळ्यात मारली. तीरासिल दांगदाने बरोबरी साधली, उत्तरार्धात पेनल्टीवर आघाडीही मिळवून दिली, आणि मग पासष्टाव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाला पुन्हा पेनल्टी. मारणारा तोच जेडिनॅक, अडवणारा तोच कविन, आणि चेंडू पुन्हा जाळ्यात. सामना 2–2 असा सुटला आणि थायलंडला त्या फेरीतील पहिला गुण मिळाला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जो तो तीरासिलविषयी बोलत होता, आणि ते योग्यच होते. माझ्या डोळ्यांपुढे मात्र दुसऱ्या पेनल्टीनंतरची ती पंचवीस मिनिटे होती. एकाच माणसाकडून एकाच सामन्यात दोनदा तसा गोल खाल्ल्यावर पुढचा प्रत्येक उंच चेंडू झेलायला पुढे यायचे की रेषेवरच थांबायचे, हा निर्णय किती जड होतो, हे ज्याने कधी दोन खांबांमध्ये उभे राहून पाहिले आहे त्यालाच कळते. कविन पुढे येत राहिला, आणि त्यानंतर त्याने गोल होऊ दिला नाही.

मी स्वतः कोल्हापूरचा. पेठेतल्या एका संघात मी तीन हंगाम दुसरा गोलकीपर होतो. शाहू स्टेडियमवर सरावासाठी सर्वांत आधी पोहोचायचे, पहिल्या गोलकीपरला चेंडू मारून त्याचे अंग गरम करायचे आणि सामना संपेपर्यंत बाकावर बसायचे, एवढेच माझे काम होते. चौथ्या हंगामाच्या तोंडावर दादा म्हणाला, "बाकावर बसून कोण खेळाडू झालाय? सोड आता." मी सोडले. त्याच हंगामात पहिल्या गोलकीपरचे बोट मोडले आणि माझ्यानंतर आलेला मुलगा गोलमध्ये उभा राहिला. दादाशी माझा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि कविन बेल्जियमहून परतला तेव्हा दादाने मला मुद्दाम फोन करून विचारले, "काय, तुझा थायलंडवाला पण बाकावरच ना?"

आता कविनचे खरे काय झाले ते पाहू. मुआंगथोंग युनायटेडकडून खेळू लागला तेव्हा तो विशीतही नव्हता. त्याच्या काळात त्या संघाने 2009, 2010, 2012 आणि 2016 अशी चार वेळा थाई लीग जिंकली, त्यांपैकी 2012 चा हंगाम एकही सामना न हरता. 2014 आणि 2016 मध्ये थायलंड आग्नेय आशियाचा विजेता ठरला, तेव्हाही गोलमध्ये तोच होता. जानेवारी 2018 मध्ये तो बेल्जियमच्या दुसऱ्या श्रेणीतील ओ. एच. ल्यूव्हेन या संघात गेला. तेथे त्याला सामने मिळाले, मग दुखापत झाली, आणि जागा गेली. 2020 मध्ये तो उसनवारीवर जपानच्या कॉन्साडोल सापोरोकडे गेला, जेथे थायलंडचाच चनाथिप सोंगक्रासिन आधीपासून स्थिरावला होता. पण कविनच्या वाट्याला तेथे मुख्यतः राखीव गोलरक्षकाचीच भूमिका आली. आपल्याकडे अनेकांना थाई फुटबॉल आठवते ते 6 जानेवारी 2019 रोजी आशियाई चषकात अबू धाबीत भारताने मिळवलेल्या 4–1 विजयामुळे. त्या स्पर्धेत कविन दुखापतीमुळे नव्हता, हे मात्र कोणी सांगत नाही.

याला अपयश म्हणणे हा हिशेबच चुकीचा आहे. आघाडीपटूला शेवटची वीस मिनिटे तरी खेळवून पाहता येते, आणि एक बाजू अडली तर त्याला दुसऱ्या बाजूला हलवता येते. गोलरक्षकाची जागा एकच असते आणि ती बहुधा दुसऱ्याच्या दुखापतीने, निलंबनाने किंवा म्हातारपणानेच मोकळी होते. शिवाय सहा फुटांहून थोडी अधिक उंची थायलंडमध्ये पुरते, युरोपात प्रशिक्षक आधी तीच मोजतो.

थायलंडमध्ये ही कारकीर्द पूर्वी नोकरीला जोडलेली असे. सैन्यदले, बंदर प्राधिकरण आणि बँका यांचे संघ होते. थाई फार्मर्स बँकेच्या संघाने तर 1994 आणि 1995 अशी सलग दोनदा आशियाई क्लब स्पर्धा जिंकली आणि पुढे 2000 मध्ये तो संघच बंद झाला. आता करारावरचा पगार आहे, पण पाठीशी बँकेची खुर्ची नाही. परदेशी खेळाडूंच्या मर्यादित जागा क्लब सहसा आघाडीपटूंवर खर्च करतात, याचा स्थानिक गोलरक्षकांना मोठा फायदा होत आला. मात्र 2018 पासून आग्नेय आशियाई खेळाडूंसाठी वेगळ्या जागा आल्या आणि बँकॉक युनायटेडने लगेच फिलिपिन्सचा गोलरक्षक मायकेल फाल्केसगार्ड आणला. वयाचे म्हणाल तर गोलरक्षक उशिरापर्यंत टिकतो. बुरीराम या थाई क्लबकडून खेळलेला गोलरक्षक सिवारक तेदसुंगनोएन 1984 चा, आणि 1 जानेवारी 2022 रोजी थायलंडने आग्नेय आशियाई विजेतेपद परत मिळवले, तेव्हा तो त्या संघात होता.

म्हणून परदेशी संधी आली तर जावे, बाकावर बसावे लागले तरी जावे, आणि 'सोड आता' म्हणणारा घरचा असला तरी त्याचे ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे मान्य केल्या पाहिजेत. कविन गेला तेव्हा ल्यूव्हेनचा संघ थायलंडच्या किंग पॉवर या कंपनीच्या मालकीचा होता, त्यामुळे ते दार उघडण्यात थाई असण्याचा उपयोग झालाच नसेल असे मी म्हणणार नाही. आणि माझ्यापुरते बोलायचे तर मी चौथा हंगाम थांबलो असतो, तरी मोठ्या सामन्यात उभे राहण्याइतका चांगला गोलकीपर होतो की नाही, याची मला आजही खात्री नाही.

जानेवारी 2024 मध्ये आशियाई चषकात थायलंडच्या प्रशिक्षकाने सौदी अरेबियाविरुद्ध बरेच नेहमीचे खेळाडू बसवले आणि राखीव गोलरक्षक सारानोन अनुइनला उतरवले. पूर्वार्धातच सौदीला पेनल्टी मिळाली आणि त्याने ती अडवली. मी त्याच रात्री दादाला फोन लावून सगळा प्रसंग सविस्तर सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं, मग पुढच्या सामन्याला कोण होता गोलमध्ये?"

पुढच्या सामन्यात नेहमीचा गोलरक्षक परत आला होता.