एकोणसाठ म्हणजे किती?

ताई, नागपूरच्या महाल भागातल्या एका लहानशा शाळेत २१ वर्षं गणित शिकवतो. शाळा समाजाच्या ट्रस्टची, पोरं विणकरांची, हातठेलेवाल्यांची. संध्याकाळी त्यांचा फुकट जादा तास घेतो, मे महिन्यातसुद्धा. उत्तर चुकलं तर कुणी हसायचं नाही, हा माझ्या वर्गाचा नियम. आता नवे सचिव म्हणतात, लाइटचं बिल वाढून राहिलं, तास बंद करा. राजीनामा लिहून ठेवला आहे. देऊ का? घरी कुणाशी बोलता येत नाही. मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यमात. गणितासाठी धरमपेठेत क्लास लावला आहे. तिला एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन वाटतं, परवा पाहुण्यांसमोर आम्ही खूप हसलो. असो.
– एक शिक्षक

सर,

सचिवांचं आधी उरकते. बिलाचा आकडा लेखी मागा, पालकांची सभा बोलवा, राजीनामा देऊ नका. झालं.

मला त्या ‘असो’बद्दल बोलायचंय.

तुमच्या शाळेतल्या पोट्ट्यानं हीच चूक केली असती, तर खडू त्याच्या हातात देऊन तुम्ही म्हणाला असता, ‘कसं काढलंस, सांग बरं.’ घरी मात्र पाहुण्यांसोबत खिदळलात. अहो, पोरीनं ‘साठ’ ऐकलं, ‘एकोण’चे नऊ केले आणि इंग्रजीच्या सवयीनं साठापुढे नऊ ठेवले. डोकं चालवलंच की तिनं! साठाला एक उणा म्हणजे एकोणसाठ, नावातच वजाबाकी लपलीय, हे तिला कधी कुणी दाखवलं? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं तेव्हा अख्खा महाराष्ट्र भांडला. आपली संख्यानामं, त्यातली जोडाक्षरं, उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, हे गणित समितीच्या मंगला नारळीकर समजावत राहिल्या. तुमच्या शिक्षकखोलीतही तेव्हा चर्चा झडली असेलच. ते शहाणपण घरी येताना कुठे सांडलं, गांधीसागर तलावात?

राग आलाय मला, लपवत नाही. बाप गणिताचा मास्तर, परक्यांची पोरं त्याच्याकडे फुकट शिकतात आणि स्वतःची पोरगी पैसे मोजून धरमपेठेत जाते. तिथे चुकलं तर चहाच्या कपांवरून कुणी हसत नाही, बहुधा एवढ्याचीच ती फी असावी. घरी कुणाशी बोलता येत नाही म्हणता. तिला तरी कुठे येतंय?

येत्या रविवारी त्याच पाहुण्यांना तर्रीपोह्यांना बोलवा. त्यांच्यादेखत लेकीला म्हणा, ‘त्या दिवशी मी हसलो, ते चुकलं माझं.’ बायको डोळे वटारेल, वटारू द्या. पाहुणे गेले की राजीनाम्याचा तो कागद काढा, पाठकोरा असेलच. त्यावर तिच्याकडून लिहून घ्या: एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस. एकोणनव्वदपर्यंत गाडी सुरळीत जाईल. मग ‘नव्याण्णव’पाशी ती अडेल आणि विचारेल, ‘बाबा, इथे एकोणशंभर का नाही?’

‘मलाही माहीत नाही’ म्हणा. ती हसली तर हसू द्या.

– ताई