गुण मिळाल्याची धून: आधी पीसी स्पीकरवर वाजवून बघा

सिएरा कंपनीचे जुने साहस-खेळ चालवणाऱ्या एजीआय इंजिनसाठी धून करताय, तर मुख्य चाल पहिल्याच चॅनलमध्ये ठेवा. आयबीएमच्या पीसीज्युनियर संगणकावर तीन सूर आणि एक नॉइज असे चार चॅनल वाजतात, पण साध्या पीसी स्पीकरवर फक्त पहिला. चाल दुसऱ्यात गेली की तिथे नुसती साथ ऐकू येते, आणि ती फार केविलवाणी वाटते.

कालमान सेकंदाच्या 1/60 भागात, म्हणजे टिकमध्ये, मोजतात. सी-ई-जी हे सूर प्रत्येकी 6 आणि वरचा सी 24, म्हणजे एकूण 0.7 सेकंद. बक्षिसाला एवढं पुरे. धून लांबली की दहाव्या वेळी खेळणारा वैतागतो. तोच सूर लागोपाठ हवा असेल तर मध्ये 1 टिक शांतता ठेवा, नाहीतर दोन्ही मिळून एकच लांब सूर होतो.

इंजिनशिवाय थेट स्पीकर चालवत असाल तर टायमर चिपला द्यायचा आकडा म्हणजे 1193182 भागिले वारंवारता: 523 हर्ट्झला साधारण 2281. शेवटी स्पीकर चालू-बंद करणाऱ्या पोर्ट 61एच चे खालचे दोन बिट शून्य करायला विसरलात, तर भोंगा थांबतच नाही.

आणि गुण देताना फ्लॅग (गुण आधीच दिलेत का, याची खूण) तपासा. नाहीतर तेच दार पुन्हा उघडलं की पुन्हा गुण, पुन्हा धून.