घरीच बऱ्या झालेल्या कोविडनंतर सात महिने थकवा, रिपोर्ट मात्र नॉर्मल: हे मनाचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की चार दिवस ताप आला, ॲडमिट व्हावं लागलं नाही, पण सात महिने झाले तरी थकवा, धडधड आणि विसरभोळेपणा जात नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल, म्हणून घरचे म्हणतात मनाचं आहे.

मनाचं नाही. हा लाँग कोविड, म्हणजे कोविड बरा झाल्यावरही महिनोन्महिने रेंगाळणारा त्रास, असू शकतो. मी डॉक्टर नाही, पण यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. ऑक्सिजन एकदाही ९५ च्या खाली गेला नाही. दोन आठवड्यांनी मी कामाला लागलेसुद्धा. पुढे दीडेक महिन्याने एका सकाळी केस धुवायला हात वर केले, तर ते वर राहीनात. भिंतीला टेकून खाली बसले, केसांत फेस तसाच. वाचायला घेतलं की एकाच परिच्छेदावरून तीन-तीनदा डोळे फिरायचे आणि डोक्यात काही उतरायचं नाही.

ॲडमिट झालेल्यांना लाँग कोविडचा धोका जास्त असतो, हे खरं. पण घरच्या घरी बरे झालेल्यांची संख्याच इतकी मोठी आहे की लाँग कोविडचे बहुतेक रुग्ण त्यांच्यातलेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये याची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. हॉस्पिटलची अट त्यात कुठेही नाही.

आता माझी जी चूक झाली ती सांगते, कारण तुम्हीही तीच करत असाल अशी मला भीती वाटते. मला सांगितलं गेलं, 'अशक्तपणा आहे, रोज चाला, हळूहळू वाढवत न्या.' मी वीस मिनिटं चालायचे, त्या दिवशी बरंही वाटायचं. तिसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठवायचं नाही. अंग मोडून यायचं, घसा दुखायचा, दिव्याचा उजेडही सहन व्हायचा नाही. दोन्हींचा संबंध माझ्या चार महिने लक्षातच आला नाही. शेवटी ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला घेतल्या. चालले त्या दिवशी टिक, पडून राहिले त्या दिवशी फुली. दर टिकेनंतर एक दिवस सोडून फुली!

याला पोस्ट एक्झर्शनल मलेज म्हणतात. श्रमाचा त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी होतो, आणि श्रम म्हणजे चालणंच असं नाही. तासभर फोनवर बोलणं, हिशेब करणं, भांडणसुद्धा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लाँग कोविडच्या २५ रुग्णांना आणि २१ निरोगी लोकांना सायकल चालवायला लावून, आधी आणि नंतर मांडीच्या स्नायूचे नमुने तपासले. जानेवारी २०२४ मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात रुग्णांच्या स्नायूंना श्रमानंतर इजा झालेली दिसली, पेशींची ऊर्जा तयार करण्याची क्षमताही घटलेली होती. हे तुमच्या सीबीसीत (रक्ताच्या साध्या तपासणीत) किंवा एक्स-रेत दिसणार कसं?

म्हणून जोर लावून बरं व्हायचा प्रयत्न आधी थांबवा. दमायच्या आधीच बसायचं. बरं वाटतंय त्या दिवशी जास्तच सांभाळायचं, कारण साठलेली सगळी कामं आपण त्याच दिवशी काढतो. मी केस बसून धुवायला लागले, दोन कामांमध्ये अर्धा तास अंधाऱ्या खोलीत आडवी पडायचे. फुल्या कमी व्हायला दोन महिने लागले.

धडधडीसाठी एक गोष्ट नक्की करा. दहा मिनिटं शांत आडवं पडून नाडी मोजा, मग सोबत कुणीतरी असताना दहा मिनिटं उभं राहून दर मिनिटाला मोजा. आडवं असतानापेक्षा ३० किंवा त्याहून जास्त ठोके वाढून तसेच राहत असतील, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पॉट्स (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा आजार) आहे का विचारा. ते उभं असतानाचं बीपीही बघतील. माझी नाडी ७२ वरून ११० वर जायची आणि ईसीजी दर वेळी नॉर्मल. साहजिकच आहे, ईसीजी आडवं पाडूनच काढतात.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, साखर झालं नसेल तर करून घ्या, साध्या कारणाचा साधा उपाय हुकायला नको. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात किंवा एकच पाय सुजला तर मात्र वाट बघू नका, लगेच जा.

हमखास बरं करणारं औषध अजून नाही. पॅक्सलोविड हे कोविडच्या विषाणूवरचं औषध १५ दिवस देऊन पाहिलं गेलं, लक्षणांत फरक पडला नाही. कुणी खात्रीचा उपाय म्हणून काही विकत असेल तर पैसे घालवू नका. झोप, धडधड, डोकेदुखी यांवर वेगवेगळे उपचार मात्र आहेत आणि त्यांनी दिवस सुसह्य होतो.

आणि घरच्यांशी वाद घालण्यात ताकद घालवू नका. तीन आठवडे कॅलेंडरवर खुणा करा आणि ते त्यांच्यासमोर ठेवा. माझ्या आईने ते हातात घेऊन बराच वेळ बघितलं. दुसऱ्या दिवसापासून 'जरा उठून फिर, बरं वाटेल' हे तिचं वाक्य बंद झालं.