आइनडेकर : ‘कर’ असला तरी आडनाव नव्हे

प्रश्न असा आहे : “पहिल्या महायुद्धावरच्या लेखात ‘फोकर आइनडेकर’ हे विमान भेटलं. फोकर कंपनी, मग आइनडेकर हा ते बनवणारा माणूस का? आणि त्याला मराठीत ‘एकपंखी’ म्हटलेलं चालेल का?”

शेवटी ‘कर’ दिसला की गाव शोधायची आपली सवय जुनी, त्यामुळे शंका रास्त आहे. पण इथे फोड ‘आइन’ अधिक ‘डेकर’ अशी होते. आइन म्हणजे एक. आणि डेकर तर आपल्या डबलडेकर बसमधलाच! वर-खाली दोन पंखजोड्या असलेल्या विमानाला जर्मनमध्ये डोपलडेकर म्हणतात, तीन असल्या तर ड्रायडेकर. जर्मन लढाऊ वैमानिक रिश्टहोफेन याचं ते प्रसिद्ध लाल विमान ड्रायडेकर होतं. माणसाचं नाव आहे ते फोकर. अँथनी फोकर, डच, जन्म १८९०चा आणि तोही जावा बेटावरचा. कारखाना मात्र जर्मनीत, श्वेरिनला.

म्हणजे आइनडेकर हे सामान्यनाम. जर्मन सैन्यात सशस्त्र आइनडेकरांना ‘ई’ हे अक्षर असे, आणि फाल्झ या दुसऱ्या कंपनीच्या अशा विमानांनाही ते होतं. फोकरचं ई-१ आलं १९१५मध्ये, ८० अश्वशक्तीच्या इंजिनावर. ई-२ला १०० अश्वशक्ती मिळाली. ई-३चं इंजिन तेच, पंख थोडे अरुंद; सर्वांत जास्त बनलं ते हेच. ई-४ला १६० अश्वशक्ती आणि दोन मशिनगन, पण ते जड आणि वळायला सुस्त निघालं. नाव पंखांवरून पडलं तरी दरारा बंदुकीचा होता : फिरत्या पंख्याचं पातं समोर आलं की गोळी सुटायची थांबे, त्यामुळे वैमानिकाला नाकासमोर नेम धरता येई.

आता ‘एकपंखी’. घारीला आपण दोन पंख म्हणतो. म्हणून एकपंखी ऐकलं की मला तरी एक पंख गमावलेला पक्षी दिसतो. घोळ मोजणीचा आहे. आपण डावं-उजवं मोजतो, जर्मन माणूस वर-खाली मोजतो. वर-खाली मोजायला आपल्याकडे मजला आहेच (एकमजली, दुमजली, तिमजली), आणि डेकरच्या सर्वांत जवळ जाणारा शब्दही तोच. पण दुमजली विमान म्हटलं की लोक वरच्या मजल्यावरच्या खिडक्या शोधतील! तेव्हा एकपंखी खुशाल वापरा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे ‘पंखांची एकच जोडी असलेलं’ एवढं जोडा.

गंमत म्हणजे जर्मनांनाही ही वर्गवारी शेवटपर्यंत सांभाळता आली नाही. ‘डी’ हे अक्षर आधी एकआसनी सशस्त्र डोपलडेकरांचं होतं. १९१८मध्ये फोकरचं ई-५ आलं, पंख मोडून अपघात झाले, दुरुस्तीनंतर ते परतलं तेव्हा त्याचं नाव डी-८ झालेलं. पंखांची जोडी तेव्हाही एकच!

जाता जाता लिंगाबद्दल. जर्मनमध्ये हा शब्द पुल्लिंगी आहे. मी ‘ते आइनडेकर’ लिहितो, कारण मनात विमान असतं. डबलडेकर मात्र ‘ती’च, कारण तिथे मनात बस असते.