वाचकांचे प्रश्न : नवखे तट्टू आणि नऊ वर्षांची नात

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहतो. घराभोवती कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग आहे आणि थोडी भातशेतीही आहे. नऊ वर्षांच्या नातीच्या हट्टापायी शिगम्याच्या (गोव्यातील होळीच्या सणाच्या) सुमारास मी घाटावरच्या एका व्यापाऱ्याकडून भीमथडी तट्टू विकत आणले. त्याचे वय चार वर्षे असून त्याला ओझे वाहण्याची सवय आहे, पाठीवर स्वार मात्र त्याने कधी घेतलेला नाही. ‘तट्टूही लहान, मूलही लहान, दोघे बरोबरच शिकतील’ असे व्यापाऱ्याने सांगितले होते. गेल्या महिन्यात नातीला खोगिराशिवाय बसवून मी दोर धरून चालत असताना मागून पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंगा वाजला, तट्टू बुजून पोफळींमधून उधळले आणि नात गवताच्या भाऱ्यांवर पडली. सुदैवाने तिला लागले नाही. ती अजूनही त्याला रोज हातावर गूळ भरवते, पण आता ते तिचा हात चावू लागले आहे. शेजारी म्हणतात, चाबूक दाखवल्याखेरीज अडेलतट्टू सुधारत नाही. माझा भाचा वजनाने ७० किलो आहे, तो त्याच्यावर बसून त्याला वळण लावायला तयार आहे. ते योग्य ठरेल काय? आणि नात त्याच्यावर केव्हा बसू शकेल?

उत्तर : आपण सर्व हकीकत मोकळेपणाने लिहिली, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. व्यापाऱ्याचे वाक्य कानाला गोड लागते, परंतु घोड्यांच्या व्यवहारात त्याच्याइतके महागात पडणारे दुसरे वाक्य मला ठाऊक नाही. शिकणाऱ्या दोघांपैकी एकाला तरी आधीपासून येत असावे लागते. घाबरलेले मूल एकाच वेळी पाय आवळते आणि लगाम ओढते, म्हणजे ‘चल’ आणि ‘थांब’ या दोन्ही आज्ञा एकदम देते. मुरलेला घोडा अशा वेळी सरळ उभा राहतो. नवख्या तट्टूला मात्र पळून जाणे एवढा एकच मार्ग सुचतो. हीच चूक मी तरुणपणी माझ्या पुतण्याच्या बाबतीत केली होती आणि त्याचे मनगट मोडले होते, म्हणून हे जरा ठासून लिहितो आहे.

ओझ्याची सवय म्हणजे स्वाराची सवय नव्हे. धान्याचे पोते टाच मारत नाही, एका अंगाला झुकत नाही आणि किंचाळत तर मुळीच नाही. शिवाय घोड्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसत असले, तरी शेपटीच्या थेट मागचा पट्टा त्याच्या नजरेबाहेर राहतो. पोदेर नेमका त्याच बाजूने आला. न दिसणाऱ्या जागेतून अचानक आवाज आला आणि पाठीवर त्याच क्षणी काहीतरी आवळले गेले, तर उधळणे हा अडेलपणा नसून निव्वळ भीती आहे. तेव्हा चाबकाचा सल्ला बाजूला ठेवावा. भ्यालेल्या जनावराला मारले की भोंग्याबरोबर मारही येतो, एवढेच ते शिकते.

प्रथम वयाची खात्री करून घ्यावी. पशुवैद्यकांकडून दात तपासून घ्यावेत. पुढच्या दातांपैकी मधली जोडी साधारण अडीच वर्षांनी बदलते, तिच्या बाजूची साडेतीन वर्षांनी आणि कोपऱ्यातली साडेचार वर्षांनी. कोपऱ्यातले दात अजून दुधाचे, म्हणजे लहान आणि अधिक पांढरे असतील, पण शेजारची जोडी बदललेली असेल, तर चार वर्षांचे वय खरे मानता येईल. तीही जोडी दुधाचीच निघाली, तर आपल्याला शिंगरू विकले गेले आहे असे समजावे आणि पुढचे सारे वेळापत्रक वर्षभर लांबवावे. घोड्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला पाच-सहा वर्षे लागतात, हे विकणारा सहसा सांगत नाही. त्याच भेटीत धनुर्वाताची लस टोचून घ्यावी आणि गोमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासून घ्यावे.

आता भाच्याविषयी. शिंप्याच्या टेपने तट्टूच्या छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे मोजावा आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. समजा घेर १३६ सेंटिमीटर आणि लांबी १३० सेंटिमीटर भरली, तर वजन सुमारे २०० किलो येते. घोड्याच्या वजनाच्या फार तर पाचवा हिस्सा, तोही खोगिरासकट, पाठीवर द्यावा असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणजे येथे ४० किलो. कोवळ्या जनावराला त्याहून कमीच बरा. खोगीर सहा किलोचे धरले, तर नऊ वर्षांची मुलगी या हिशेबात बसते आणि ७० किलोचा भाचा कितीही उत्साही असला तरी बसत नाही.

लहान तट्टूंच्या बाबतीत हाच खरा पेच असतो : ज्याला शिकवता येते त्याचे वजन जास्त आणि ज्याचे वजन चालते त्याला काही येत नाही. त्यावर उपाय असा की तट्टूला पाठीवर न बसता, जमिनीवरूनच शिकवावे. लांब दोरावर गोलाकार फिरवण्याला जुने चाबूकस्वार ‘कावा देणे’ म्हणत. त्याने तट्टू आवाजाच्या आज्ञेवर चालायला, दुडकी धरायला आणि थांबायला शिकते. मात्र गोलात फिरताना सांध्यांवर ताण येतो, म्हणून दोन्ही अंगांना सारखे असे एकूण दहा-पंधरा मिनिटेच फिरवावे, तेही सकाळच्या गारव्यात आणि मऊ जमिनीवर. जांभ्याच्या कातळावर मुळीच नको. त्यानंतरची पायरी अधिक मोलाची आहे. लगामाला दोन लांब दोर बांधून शिकवणाऱ्याने लाथेच्या टप्प्याबाहेर राहून मागून चालावे आणि कुळागराच्या वाटांवरून तट्टूला पुढे हाकावे. यात तट्टूला पुढे कोणी माणूस नसताना चालावे लागते, वळावे लागते, पाटाच्या पाण्यातून जावे लागते. उद्या पाठीवर मूल असेल तेव्हा त्याच्यापुढे हेच काम असेल. हे काम आपल्या भाच्याने करावे, पण घोड्यांत वावरलेल्या एखाद्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, कारण या दोरांत पाय अडकण्याचा धोका नवशिक्याला दिसत नाही.

शिकवण्याचे सारे मर्म दाब सोडण्याच्या क्षणात आहे. दोर ताणला, तट्टूने एक पाऊल टाकले, की त्याच क्षणी दोर सैल पडला पाहिजे. दोन पळे उशीर झाला, तर आपण कशाबद्दल मोकळे झालो हे त्याला कळत नाही. चावण्याचे मूळही असेच आहे. हातावरचा गूळ संपला की त्याला हातच गूळ वाटतो. यापुढे खाऊ घमेल्यातच द्यावा. गूळ आणि चंदी दोन्ही बेतानेच द्यावीत, कारण काम न करणाऱ्या तट्टूला भरपूर धान्य घातले की ते मस्तीला येते.

नातीने तोवर काय करावे, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण ती तो नक्की विचारील. तिने मोठ्या माणसासोबत रोज खरारा करावा, खूर उचलून साफ करताना पाहावे आणि त्याच्या तोंडावर दोराची मोहरकी घालायला शिकावे. दोर हाताभोवती गुंडाळायचा नाही, हा एक नियम मात्र तिच्याकडून पाठ करून घ्यावा. घोडा उधळला तर सैल धरलेला दोर सुटून जातो, गुंडाळलेला दोर बोटे घेऊन जातो. प्रत्यक्ष बसणे तिने दुसरीकडे, म्हाताऱ्या आणि शांत घोड्यावर, प्रशिक्षकाकडून शिकावे. किनाऱ्यावर पर्यटकांना फोटोपुरते मिरवणारे घोडे यासाठी उपयोगाचे नाहीत. हनुवटीखाली पट्टा असलेले घोडेस्वारीचे हेल्मेट आणि टाच असलेले बूट पहिल्या दिवसापासून हवेत, कारण सपाट तळव्याची चप्पल किंवा बूट रिकिबीतून (पाय ठेवायच्या कडीतून) पलीकडे सरकतो आणि पाय अडकतो.

वेळेबद्दल सांगायचे, तर पावसाळ्यात घाई करू नये. चिखलात खुराच्या तळाला काळी, दुर्गंधी सड लागते आणि सततच्या भिजण्याने पाठीवर खपल्या धरतात. अशा पाठीवर खोगीर घालता येत नाही. जूनपासून कोरडा गोठा, खुरांची निगा आणि छपराखाली शांत उभे राहण्याचा सराव एवढेच पुरे. दसऱ्यानंतर, भात कापून शेत मोकळे झाले की मऊ जमिनीवर कावा सुरू करावा. दिवाळीत नरकासुराच्या रात्री तट्टूला वाड्यावरच्या गोंगाटापासून आणि फटाक्यांपासून दूर बांधावे. माघापर्यंत ते लांब दोरांवर बिनधास्त चालू लागले, तर प्रथम एखाद्या सडपातळ, अनुभवी किशोरवयीन स्वाराला काही आठवडे बसवावे आणि मगच नातीला, तेही कोणीतरी दोर धरलेला असताना. पुढच्या शिगम्याला ती घोडेमोडणीच्या नाचातल्या लाकडी घोड्यांसमोर आपले तट्टू मिरवू म्हणेल. तेथे मात्र ठाम नकार द्यावा, कारण ढोल-ताशांच्या गर्दीत मुरलेले घोडेही बिथरतात.

राहिला पोदेर. त्याच्याशी बोलून ठेवावे. पहिले काही दिवस त्याने तट्टूला दिसेल अशा जागी, पन्नास पावलांवर सायकल उभी करून एकदाच हलका भोंगा वाजवावा. तट्टूने कान टवकारून पुन्हा गवतात तोंड घातले की त्या दिवसाचा धडा तेथेच थांबवावा आणि अंतर दिवसागणिक थोडे थोडे कमी करावे. बुजले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे सरावे. शेवटी सायकल आणि पावांची टोपली त्याला हुंगू द्यावी आणि मगच भोंगा मागच्या बाजूने वाजवून पाहावा. रोज चार पाव जास्त घेतले, तर पोदेरही या कामाला राजी होईल.